‘ध’चा ‘मा’ होऊ नये म्हणून

प्रस्तावना

मराठीत ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार सर्वांच्या परिचयाचा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या पत्रात मूळ शब्द ‘धरावे’ असा होता, पण वाटेत कोणी तरी तो ‘मारावे’ असा केला, असे परंपरेने सांगितले जाते. ही कथा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते, हा वेगळा प्रश्न आहे. मात्र तिच्यातील भीती खरी आहे. दूरवरून आलेला निरोप वाटेत बदलला, अपुरा पोहोचला किंवा भलत्याच माणसाने पाठवला, तर काय होईल?

आज यंत्रांनाही दूरवरून निरोप पाठवले जातात. त्यांतील काही निरोप तर यंत्राने कसे वागावे हेच बदलून टाकणारे असतात. प्रस्तुत पाठात अशाच एका निरोपाची ओळख करून घ्यावयाची आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• संगणकजाळ्यातील स्विच व त्यातील फर्मवेअर यांचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगणे.
• दूरच्या सर्व्हरवरून फर्मवेअर आपोआप बदलण्याची प्रक्रिया क्रमवार लिहिणे.
• स्वयंचलित बदलाचे लाभ व धोके यांची तुलना करणे.
• तांत्रिक विषयावरील मराठी लेखनाची वैशिष्ट्ये ओळखणे.

मूळ पाठ

१. पोलादाच्या गावी

छत्तीसगड राज्यातील दुर्ग जिल्ह्यात, मुंबई-नागपूर-हावडा या लोहमार्गावर भिलाई हे शहर वसले आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि त्यातून येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. भारतीय रेल्वेचे रूळ घडवणारा कारखाना म्हणून भिलाईचे नाव देशभर झाले.

या कारखान्याच्या उभारणीचा काळ आठवला, तर एक गोष्ट विशेष लक्षात येते. पोलाद कसे करावे याचे ज्ञान हजारो मैलांवरून येत होते. तंत्रज्ञ रशियन बोलत. कामगार मात्र देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, निरनिराळ्या भाषा बोलणारे होते. त्यांच्यामध्ये दुभाषे उभे असत. आराखड्यातील एखादे माप किंवा तापमानाचा एखादा आकडा सांगताना चूक झाली, तर तिची किंमत वितळलेल्या लोखंडाने वसूल केली असती. म्हणून सांगितलेले पुन्हा विचारून घेणे आणि ऐकलेले पुन्हा म्हणून दाखवणे हा कामाचाच एक भाग होता.

आधुनिक कारखान्यात माणसांच्या जोडीला यंत्रेही एकमेकांशी बोलतात. भट्टीचे तापमान, पाण्याचा दाब आणि पट्ट्यांचा वेग यांची माहिती तारांमधून नियंत्रण कक्षाकडे अखंड वाहत असते. कारखान्याप्रमाणेच विद्यापीठात, इस्पितळात आणि बँकेतही अशी संगणकजाळी असतात. भिलाईत २०१६ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. अशा शिक्षणसंस्थेचा कारभारही संगणकजाळ्यावाचून चालत नाही. या प्रत्येक जाळ्याच्या गाठीगाठीवर एक लहानशी पेटी बसवलेली असते. तिला स्विच म्हणतात.

२. पेटीतले टपालघर

घरातील दिव्याचे बटण म्हणजेही स्विच. परंतु येथील स्विच वेगळा. तो एखाद्या टपालघरासारखा असतो. त्याला बहुधा २४ किंवा ४८ दारे असतात. त्यांना पोर्ट असे म्हणतात. प्रत्येक दाराला केबलने एखादे यंत्र जोडलेले असते. त्या यंत्राला ४८ बिटांचा स्वतःचा पत्ता असतो. कोणता पत्ता कोणत्या दारामागे आहे, याची नोंद स्विच स्वतःच ठेवत जातो. माहितीचे पाकीट आले की तो त्यावरील पत्ता वाचतो आणि पाकीट नेमक्या दाराने बाहेर सोडतो. हे काम तो एका सेकंदात लाखो वेळा करतो.

पण पाकिटे कशी वाचावीत, नोंद कशी ठेवावी आणि कोणाला अडवावे, हे स्विचला कोण शिकवते? त्याच्या स्मृतीत साठवलेली आज्ञावली हे काम करते. हिलाच फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ साली रूढ केला. जे हाताने धरता येते ते हार्डवेअर आणि जे सहज बदलता येते ते सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधले, यंत्रात रुजलेले आणि तरीही बदलता येण्याजोगे, ते फर्मवेअर होय.

माणसाने लिहिलेली आज्ञावली निर्दोष नसते. काही चुका वापरानंतरच कळतात. काही चुका चोरवाटांसारख्या असतात आणि त्यांतून परका माणूस जाळ्यात शिरू शकतो. म्हणून स्विच बनवणाऱ्या कंपन्या वेळोवेळी सुधारित फर्मवेअर प्रसिद्ध करतात. जुने फर्मवेअर वापरत राहणे म्हणजे कुलूप मोडके आहे हे ठाऊक असूनही तेच दाराला लावून ठेवणे होय.

पाठगत प्रश्न १

(अ) स्विचला टपालघराची उपमा का दिली आहे?
(आ) फर्मवेअर वेळोवेळी बदलणे का आवश्यक ठरते?

३. शंभर तासांचे काम

पूर्वी हे काम हाताने केले जाई. तंत्रज्ञ आपला संगणक घेऊन प्रत्येक स्विचपाशी जाई, त्याला केबल जोडी, नवी फाईल स्विचमध्ये भरी आणि तो पुन्हा सुरू करून पाही. आजही अनेक ठिकाणी असेच केले जाते. समजा, एका मोठ्या परिसरात ३०० स्विच आहेत आणि प्रत्येकासाठी २० मिनिटे लागतात. म्हणजे ६,००० मिनिटे, अर्थात १०० तास. रोज आठ तास काम केले, तरी साडेबारा दिवस लागतील. त्यात एखादा स्विच छताजवळ, एखादा कुलूपबंद खोलीत, तर एखादा भट्टीजवळच्या धुळीत असतो. अशा वेळी ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हटले जाते. मग तो पुढचा महिना येतच नाही.

यावर उपाय म्हणून नवी फाईल एकाच दूरच्या सर्व्हरवर ठेवली जाते आणि स्विचनेच ती तेथून मागवून घ्यावी, अशी व्यवस्था केली जाते.

४. स्विच स्वतः विचारतो

ही प्रक्रिया कशी घडते ते क्रमाने पाहू.

वीज येताच स्विच जागा होतो. त्याला अजून स्वतःचा जाळ्यातील पत्ताही ठाऊक नसतो. तो सर्वांना उद्देशून हाक देतो, “मी कोण? माझा पत्ता काय?” जाळ्यातील एक सर्व्हर त्याला उत्तर देतो. या संवादाच्या नियमांना डीएचसीपी म्हणतात. त्यांचे आज प्रचलित असलेले रूप १९९७ साली प्रसिद्ध झाले. या उत्तरात पत्त्याबरोबर आणखी दोन गोष्टी सांगता येतात. फाईल कोणत्या सर्व्हरवर आहे, ही पहिली. आणि त्या फाईलचे नाव काय, ही दुसरी. नियमावलीत त्यांना अनुक्रमे ६६ आणि ६७ हे क्रमांक आहेत.

पुढे स्विच त्या सर्व्हरकडे जातो. आपल्याजवळील आवृत्ती आणि तेथील आवृत्ती यांची तो तुलना करतो. तेथील आवृत्ती नवी असेल, तरच फाईल मागवली जाते. ही फाईल आणण्यासाठी अनेकदा टीएफटीपी नावाची पद्धत वापरली जाते. कॅरेन सॉलिन्स यांनी १९८१ साली तिचे नियम प्रसिद्ध केले. ती अगदी साधी आहे. फाईलचे ५१२ बाइटांचे तुकडे केले जातात. एक तुकडा पाठवायचा, ‘पोहोचला’ अशी पोच आली की दुसरा पाठवायचा. ५१२ बाइटांपेक्षा लहान तुकडा आला की फाईल संपली, असे समजायचे. धान्याची पोती मोजून घेणारा हमाल प्रत्येक पोत्यानंतर जसा ‘आले’ म्हणतो, तसाच हा व्यवहार असतो.

मात्र या साधेपणात एक उणीव आहे. ही पद्धत ना संकेतशब्द विचारते, ना मजकूर झाकून पाठवते. तुकडा पोहोचला एवढे ती सांगते. तो कोणी पाठवला, हे ती सांगत नाही. पोत्यांची संख्या बरोबर आली, म्हणून आतले धान्य चांगलेच आहे असे ठरत नाही. म्हणून पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची ठरते.

५. शिक्का आणि मोर्तब

जुन्या मराठी राजपत्रांवर आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबामुळे मजकूर येथे संपला हे कळे आणि त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येत नसे. ‘शिक्कामोर्तब होणे’ हा शब्दप्रयोग तेथूनच आला.

फर्मवेअरच्या फाईललाही असेच शिक्कामोर्तब हवे असते. पहिला उपाय म्हणजे संख्याठसा. संपूर्ण फाईलवर ठरावीक गणित करून एक संख्या काढली जाते. शा-२५६ या पद्धतीत तो ठसा ६४ चिन्हांचा असतो. फाईलमधील एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा पूर्णपणे बदलतो. स्विच आलेल्या फाईलचा ठसा स्वतः काढतो आणि सांगितलेल्या ठशाशी ताडून पाहतो. ‘ध’चा ‘मा’ झाला असेल, तर तो येथे पकडला जातो. परंतु ज्याने फाईल बदलली, त्यानेच ठसाही बदलून ठेवला तर? त्यासाठी दुसरा उपाय आहे, तो म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. ती फक्त मूळ कंपनीजवळील गुप्त किल्लीनेच करता येते. ती तपासण्याची किल्ली मात्र प्रत्येक स्विचजवळ असते. स्वाक्षरी जुळली नाही, तर स्विचने फाईल नाकारली पाहिजे.

तपासणीनंतर फाईल स्मृतीत लिहिली जाते. लिहीत असतानाच वीज गेली तर अर्धवट ज्ञानाने स्विच निकामी होऊ शकतो. म्हणून चांगल्या स्विचमध्ये दोन कप्पे असतात. जुने फर्मवेअर एका कप्प्यात तसेच राहते आणि नवे दुसऱ्या कप्प्यात लिहिले जाते. नवे चालले नाही, तर स्विच जुन्याकडे परततो. शेवटी स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेवढी काही मिनिटे त्याला जोडलेली यंत्रे मुकी होतात.

पाठगत प्रश्न २

(अ) टीएफटीपी पद्धतीतील उणीव कोणती?
(आ) संख्याठसा आणि डिजिटल स्वाक्षरी यांत काय फरक आहे?

६. तीन घटना, तीन धडे

स्वयंचलित बदल हा वर की शाप? हा प्रश्न केवळ स्विचपुरता नाही. संगणकांच्या जगात घडलेल्या तीन घटना त्याचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडतात.

पहिली घटना १२ मे २०१७ ची आहे. ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक आज्ञावलीने त्या दिवसापासून सुमारे दीडशे देशांतील लाखो संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधील इस्पितळांत रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या चोरवाटेने ती शिरली, ती बुजवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध झाली होती. दोन महिने हाताशी असलेले औषध अनेकांनी घेतलेच नव्हते.

दुसरी घटना त्यानंतर दीडच महिन्याने घडली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’चा हल्ला झाला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणाची व्यवस्था हल्लेखोरांनी ताब्यात घेतली होती. ज्या वाटेने औषध यायचे, त्याच वाटेने विष आले. ज्यांनी विश्वासाने नवी आवृत्ती स्वीकारली, तेच आधी बळी पडले. मर्स्क या जहाजकंपनीला सुमारे ४५ हजार संगणक नव्याने सिद्ध करावे लागले. रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातही या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या एका धक्क्याचे काम विस्कळीत झाले. युक्रेनमधील बिघडलेल्या निरोपाचा फटका उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला.

तिसरी घटना १९ जुलै २०२४ ची. येथे हल्लेखोर कोणी नव्हताच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाईलमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. संगणक सुरू होतानाच कोसळत असल्यामुळे अनेकांपर्यंत दुरुस्तीचा निरोप पोहोचू शकला नाही. माणसांना एकेका यंत्रापाशी जावे लागले. जे श्रम वाचवण्यासाठी स्वयंचलन आले, तेच श्रम एका दिवसात परत करावे लागले.

पहिली घटना सांगते, बदल टाळू नका. दुसरी सांगते, पाठवणाऱ्याची ओळख पटवा. तिसरी सांगते, ओळखीच्या माणसाचा निरोपही आधी एकाच ठिकाणी वाचून पाहा.

७. शहाणपणाचा क्रम

म्हणून जाणते तंत्रज्ञ नवी फाईल प्रथम एकाच, कमी महत्त्वाच्या स्विचवर घालतात. काही दिवस त्याचे वागणे पाहतात. नंतर दहा, मग शंभर, असा विस्तार करतात. फाईल कोणत्या जातीच्या स्विचसाठी आहे, हे ते दोनदा तपासतात. आवृत्तीची तुलना नीट होते की नाही, तेही पाहतात. कारण ‘नवी असेल तर घे’ याऐवजी ‘वेगळी असेल तर घे’ असा नियम लिहिला गेला आणि सर्व्हरवरील नोंद चुकीची राहिली, तर स्विच प्रत्येक वेळी सुरू होताच तीच फाईल पुन्हा पुन्हा घेत बसतो.

क्रमालाही महत्त्व असते. मुख्य स्विच आधी बंद करून सुरू केला, तर त्याच्या पलीकडील स्विचांची फाईल अर्ध्या वाटेवर तुटते. म्हणून सर्वांनी फाईल आधी उतरवून घ्यावी, पुन्हा सुरू होण्याची वेळ मात्र नंतर ठरवावी. त्यातही टोकाचे स्विच आधी आणि मुख्य स्विच शेवटी, हा क्रम सोयीचा ठरतो.

पोलादाच्या कारखान्यात ही वेळ निवडणे अधिकच जबाबदारीचे असते. कार्यालयातील संगणक पाच मिनिटे थांबला, तर पत्र उशिरा जाते. वितळलेले लोखंड मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून भट्टीची देखरेख ज्या जाळ्यावर अवलंबून आहे, तेथे रात्री आपोआप बदल होऊ देण्याऐवजी नियोजित दुरुस्तीच्या दिवशी, चालकांना पूर्वकल्पना देऊन आणि माणूस समोर उभा ठेवून तो करणे हितावह असते. किती गोष्टी आपोआप होऊ द्यायच्या आणि कोणत्या गोष्टींपूर्वी माणसाचा होकार घ्यायचा, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

भिलाईच्या उभारणीच्या काळात दुभाष्याचे बोलणे ऐकून कामगार ते पुन्हा म्हणून दाखवत असे. आज स्विच आलेल्या फाईलचा ठसा काढून ताडून पाहतो. साधने बदलली, पण निरोपाची पारख करण्याची गरज बदललेली नाही.

शब्दार्थ

झोतभट्टी – लोहखनिज वितळवण्याची, तप्त हवेचा झोत सोडलेली भट्टी
दुभाषा – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा
आज्ञावली – यंत्राला दिलेल्या सूचनांचा क्रमबद्ध संच
पोच – मिळाल्याची खूण
मोर्तब – पत्राच्या अखेरीस उमटवण्याची मुद्रा
हितावह – हिताचे, कल्याणकारक

भाषाविशेष

१. ‘अद्ययावत’ हा शब्द ‘अद्य’ म्हणजे आज आणि ‘यावत्’ म्हणजे पर्यंत या दोन संस्कृत शब्दांपासून झाला आहे. आजपर्यंतचे सर्व ज्ञान ज्यात आले आहे, ते अद्ययावत. हा शब्द ‘अद्यावत’ असा लिहिणे चूक आहे.

२. प्रक्रियेचे वर्णन करताना कर्ता महत्त्वाचा नसतो. म्हणून ‘फाईल मागवली जाते’, ‘तुकडे केले जातात’ अशी वाक्यरचना येते. पाठातील अशी आणखी तीन वाक्ये शोधा.

३. पाठात स्विच, पोर्ट, केबल, सर्व्हर हे शब्द तसेच ठेवले आहेत. संगणकजाळे, आज्ञावली, संख्याठसा हे शब्द मात्र मराठी वळणाचे आहेत. जो शब्द वाचकाला लवकर समजतो तो स्वीकारणे, हे चांगल्या तांत्रिक लेखनाचे लक्षण आहे.

आपण काय शिकलो?

• फर्मवेअर म्हणजे यंत्रात रुजलेली, पण बदलता येणारी आज्ञावली.
• दूरच्या सर्व्हरवरून बदल आपोआप केल्यास वेळ व श्रम वाचतात आणि सुरक्षितता टिकते.
• मूळ, मजकूर आणि परिणाम या तिन्हींची तपासणी नसेल, तर तेच स्वयंचलन संकट ठरते.

पाठान्त प्रश्न

१. दूरच्या सर्व्हरवरून फर्मवेअर बदलण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.
२. ‘ज्या वाटेने औषध यायचे, त्याच वाटेने विष आले’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. ‘ध’चा ‘मा’ करणे व शिक्कामोर्तब होणे यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या मोबाइल फोनवर नवी आवृत्ती घेण्याची सूचना येते, तेव्हा तुम्ही काय तपासाल? आठ ते दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) टपालघराप्रमाणे स्विच पाकिटावरील पत्ता वाचून ते योग्य दारी पोहोचवतो. (आ) आज्ञावलीतील चुका दूर करण्यासाठी व परक्यांना शिरता येईल अशा चोरवाटा बुजवण्यासाठी.

२. (अ) ती संकेतशब्द विचारत नाही, मजकूर झाकत नाही व फाईल कोणी पाठवली हे सांगत नाही. (आ) ठशावरून मजकूर बदलला आहे का ते कळते. स्वाक्षरीवरून त्याबरोबरच तो कोणाकडून आला हेही कळते.